आग्रह करणारा पुतळा

परवा आमच्या चाकणच्या प्लांटमध्ये माणसाच्या आकाराचा रोबो आणला होता, डेमोला. दोन हात, दोन पाय, डोकं, सगळं जागच्या जागी. शिफ्ट सुटली तरी कुणी घरी जाईना. पोरं सेल्फी काढून काढून दमली. रोबोने ताठ उभ्यानेच हात जोडून नमस्कार केला तेव्हा तर टाळ्यांचा नुसता कडकडाट. मी मागे उभी होते आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "कंबर कुठाय राव याची?" शेजारचा सुपरवायझर माझ्याकडे बघायला लागला. आता त्याला काय सांगू, की हे वाक्य माझं नाहीच. ते आमच्या बाईंचं आहे.

बाई आम्हाला पिंपरीत डिप्लोमाला शिकवायच्या. दांडे, साखळ्या, गिअर, कशाने काय हलतं त्याचं शास्त्र, हा त्यांचा विषय. 'मॅडम' म्हटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. "मॅडम पार्लरमध्ये असतात, मी बाई," म्हणायच्या. सुती साडी, वर वर्कशॉपचा खाकी एप्रन, पायात सेफ्टी शूज आणि केसांना कागदांच्या गठ्ठ्याला लावतात तो काळा क्लिप. पर्समध्ये पावडर-कंगव्याच्या जागी जाडी मोजायचं व्हर्निअर. एकदा कँटीनमध्ये त्यांनी वडापावातला वडा काढून व्हर्निअरमध्ये धरला आणि कँटीनवाल्याला म्हणाल्या, "काल याच्याहून जाड होता." तो बिचारा तेव्हापासून बाई लांबून दिसल्या तरी मोठा वडा शोधून बाजूला ठेवायचा.

माणसाचा चेहरा बाई बघायच्याच नाहीत. कोपर बघायच्या, गुडघा बघायच्या, मान कुठे वळते ते बघायच्या. माझे पप्पा एकदा माझा विसरलेला डबा घेऊन गेटवर आले. बाई तिथून चालल्या होत्या. पप्पांनी "जय भीम, बाई" म्हणून हात जोडले. बाईंनीही "जय भीम" म्हणून हात जोडले, पण डोळे पप्पांच्या खांद्यावर. "प्रेसवर होतात का हो तुम्ही? डावा खांदा पुढे येतो तुमचा." पप्पांची सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबायच्या मशीनवर गेलेली. घरी येऊन आमच्या संत तुकाराम नगरच्या त्या एवढ्याशा खोलीत आरशापुढे उभे राहिले आणि खांदा वळवून वळवून बघत बसले. "एवढी वर्षं झाली, माझ्या खांद्याची कंपनीत कुणी दखल घेतली नाही," आईला म्हणाले, "या बाईने गेटवर घेतली." आई हसत होती, पण पप्पा हसत नव्हते. ते खूश होते.

बाईंबरोबर बाजारात जायची मात्र सोय नव्हती. एकदा निरोप समारंभासाठी साड्या बघायला आम्ही मुली त्यांना पिंपरी कॅम्पात घेऊन गेलो. आम्ही साड्या बघतोय आणि बाई दारातल्या पुतळीचा दंड फिरवून बघतायत. खांदा किती वळतो, कुठे अडतो. अडला नाहीच, हात निखळून खाली आला. दुकानदार धावत आला, "ओ ताई, काय करताय!" बाई त्याच्यावरच चिडल्या. "अहो, खांदा हा गोळा-वाटीचा सांधा असतो. तुम्ही इथे नुसती खुंटी ठोकलीय. हिला साडी नेसवता, पण पदर घेता येतो का हिला?" दुकानदाराने कपाळावर हात मारला आणि आम्ही तिथून काढता पाय घेतला. गल्लीच्या टोकाला पोचलो तरी बाईंच्या हातात पुतळीचा हात होताच. मग मला परत जाऊन तो द्यावा लागला.

वर्गात शिकवताना गिअरवरून कधी पुतळ्यांवर घसरतील त्याचा नेम नसायचा. आणि एकदा घसरल्या की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकूच यायची नाही. आपल्याकडे जुन्या काळी यंत्रांवर लिहिणाऱ्यांनी लाकडी बाईचं वर्णन करून ठेवलंय, ती दिव्यांत तेल घालत तालावर फिरते. फ्रान्सात कुणी खरीखुरी बासरी वाजवणारा पुतळा केला, आत भाते, ओठ हलणारे. स्वित्झर्लंडच्या घड्याळजींनी टाक बुडवून लिहिणारा मुलगा केला. जपान्यांनी चहाचा पेला घेऊन येणारी बाहुली केली. पेला उचलला की ती थांबते, परत ठेवला की वळून जाते. हे सगळं बाई करून दाखवायच्या. टाक झटकायच्या, बासरी धरायच्या, दोन बाकांमधून छोटी छोटी पावलं टाकत चहा घेऊन यायच्या. मागच्या बाकावरचे टगे सुद्धा तोंड उघडं टाकून बघायचे.

एका पुतळ्याचं नाव काढलं की मात्र बाईंचा पारा चढायचा. युरोपात बुद्धिबळ खेळणारा एक पुतळा होता, मोठमोठ्या लोकांना हरवायचा. पुढे कळलं, पेटीत माणूस दडवला होता. "आत माणूस!" बाई टेबलावर डस्टर आपटायच्या. "इतक्या लोकांनी जीव ओतून जे उभं केलं, त्यावर या एका लबाडाने बोळा फिरवला. तेव्हापासून कुठलाही पुतळा हलला की लोक आधी वाकून खाली बघतात." हे त्या इतक्या तावातावाने बोलायच्या, की तो लबाड कालच यांच्या घरी येऊन फसवून गेला असावा असं वाटायचं.

"ज्या मुलखाला जे माणसाचं खास वाटलं, ते त्याने पुतळ्याला शिकवलं," बाई म्हणायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "मग सांगा, आपल्या पिंपरी-चिंचवडचा पुतळा काय करेल?" पोरं सुटलीच. "ओव्हरटाइम करेल!" "तंबाखू मळेल, बाई!" "फाट्यावर ट्रॅफिकला शिव्या देईल!" मी तशी तोंडाळच, मीही ठोकून दिलं, "घरी आलेल्याचं चहा घ्या, चहा घ्या म्हणून डोकं खाईल."

बाईंच्या हातातला खडू खाली पडला. सगळे हसत होते, बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या, पहिल्यांदाच चेहऱ्याकडे. "जपानची बाहुली एकदाच विचारते," हळूच म्हणाल्या. "नाही म्हटलं की संपलं. आग्रह करणारा पुतळा आजवर कुणी केलेला नाही." आणि त्या वर्षीचा आमचा प्रोजेक्ट तिथल्या तिथे ठरला.

वर्कशॉपच्या मागे बाईंची एक खोली होती. कॉलेजात तिला भूतखाना म्हणायचे. लाकडी हात, पत्र्याचे पंजे, अर्ध्या माना, नुसतीच एक कंबर. बाईंनी आयुष्यभर विद्यार्थ्यांकडून करून घेतलेले पुतळे तिथे होते. बाईंची रिटायरमेंट जवळ आलेली. त्यांना मूलबाळ नव्हतं, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. जे काही होतं ते त्या खोलीत होतं. आणि नेमकी तीच खोली प्रिन्सिपॉल सरांना नव्या एआय लॅबसाठी हवी होती. सर काही वाईट माणूस नव्हते, पण त्यांना काच आणि चकचकीत टेबलं फार आवडायची. त्यांनी भंगारवाल्याला येऊन बघून जायलासुद्धा सांगितलं होतं.

बाई सरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. संस्थेचे अध्यक्ष पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी स्वतः खोली बघायला येणार, खोलीत ठेवण्यासारखं काही दिसलं तर ठीक, नाहीतर भंगाराचा टेम्पो लागणार. "म्हणजे आपला पुतळा चालला पाहिजे," बाई म्हणाल्या. आवाज साधाच होता, पण एप्रनच्या खिशाची शिवण बोटांनी उसवत होत्या ते मला दिसलं. माणसाचे हात बघायची सवय तोवर मलाही लागली होती.

पुतळा आम्ही पुरुषच केला. कुणीतरी पुतळीला साडी नेसवू म्हणालं, तर बाई कडाडल्या, "चहा द्यायला बाईच कशाला लागते रे? मिशीवाल्याने दिला तर कडू होतो का?" झालं, पुतळ्याला मिशी आली, पप्पांचा कंपनीचा जुना निळा शर्ट आला, नाव पडलं यजमान. मोडीत काढलेल्या गाडीची वायपरची मोटर, सायकलची चेन, पायाखाली रुळावरची चाकं. एका हातात ट्रे, ट्रेवर कपबशी, दुसऱ्या हातात किटली. आणि छातीच्या आत कॅम, म्हणजे कडेला उंचसखल कातलेल्या चकत्या. चकती फिरली की तिच्यावर टेकलेला दांडा वरखाली होतो आणि हात, मान, कंबर हलते. "माणसाचा स्वभाव चकतीवर कातता येतो," हे बाईंचं ठाम मत. आणि डोक्याच्या आधी कंबर. का, तर माणूस वाकतो आधी आणि बोलतो मग.

गाडी अडली ती 'नको'वर. माझा प्रोजेक्ट पार्टनर सांगवीचा, इलेक्ट्रॉनिक्सचा किडा. त्याने हौसेने सेन्सर बसवला. पाहुण्याने कपावर हात आडवा धरला की नकार समजायचा आणि मागे फिरायचं. आम्ही पाहुणा म्हणून कॉलेजच्या शिपाईमामांना बसवलं. यजमान आला. मामांनी रीतीप्रमाणे हात आडवा केला, "नको नको, कशाला." यजमान गर्रकन वळून चालता झाला! मामा तसेच हात धरून बसलेले. मग उठले आणि म्हणाले, "असं विचारण्यापेक्षा विचारू नये माणसाने." त्यांना खरंच लागलं होतं हो! एका लोखंडी पुतळ्याने त्यांना दारात आल्यावर टाळलं होतं. दोन दिवस मामा आमच्याशी नीट बोलले नाहीत.

मग आम्ही सेन्सर काढून टाकला आणि यजमानाला आग्रहच आग्रह शिकवला. तेव्हा उलटं झालं. मामा मनापासून "बास, बास" करतायत, हात मध्ये घालतायत आणि यजमान ओततोय. चहा कपातून बशीत, बशीतून मामांच्या पँटवर. बाई आधी मोटर बंद करायला धावल्या नाहीत, त्या वाकून मामांचा हात बघत बसल्या. मामा ओरडतायत, "बाई, भाजतंय!" आणि बाई म्हणतायत, "थांबा, तो हात तसाच ठेवा!"

पुढचे काही दिवस बाई बोलावणं असो-नसो लग्नांना जायला लागल्या. पिंपळे गुरवला, सांगवीला, मंगल कार्यालय दिसलं की आत. जेवायच्या नाहीत, पंक्तीत वाढपी फिरतात तिथे उभ्या राहायच्या. एका वरमाईने तर "तुम्ही कुणाकडच्या?" म्हणून हटकलं. बाई म्हणाल्या, "हातांकडची." वरमाईने दोघातिघांना बोलवायच्या आत मी त्यांना ओढून बाहेर आणलं. पण मंडपाबाहेर बाई अक्षरशः उड्या मारत होत्या, सेफ्टी शूज घालून. "सापडलं गं! खोटा 'नको' असतो ना, त्याचा हात पानाच्या वर राहतो. टेकत नाही. खऱ्या 'नको'चा हात पानाला टेकतो. खरा 'नको' तोंडात नसतोच, हातात असतो!"

इतकी साधी गोष्ट. जन्मभर आम्ही सगळे असेच हात करत आलो आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. बाईंनी बॉलपेनातली स्प्रिंग काढून ट्रेखाली बसवली. हात नुसता वर धरला तर ट्रेला काय कळतंय, यजमान पुन्हा विचारणार. पण हात कपावर टेकला, ट्रे जराशी दबली, की खटका पडणार, यजमान वाकून मागे जाणार. भरलेला कप उचलला की ट्रे हलकी होऊन वर येणार आणि तो जागीच थांबणार. रिकामा कप परत ठेवला की ट्रे अर्धीच खाली जाणार आणि किटली कलणार. मामांवर करून बघितलं. मामा चहा प्यायले, दुसऱ्या कपाला त्यांनी हात टेकवला, यजमान वाकला. मामांनीही उठून त्याला नमस्कार केला आणि आमच्याशी पुन्हा पहिल्यासारखं बोलायला लागले.

त्या सोमवारी सकाळी मात्र स्प्रिंग अडायला लागली. एकदा चालायची, एकदा नाही. सगळ्यांचे चेहरे पडले. प्रिन्सिपॉल सर खोलीत डोकावले, आमची धावपळ बघून त्यांनाही वाईट वाटलं असावं. म्हणाले, "बाई, मुलांपैकी एकाला पडद्यामागे रिमोट घेऊन बसवा ना. अध्यक्षांना काय कळतंय? खोली वाचेल तुमची." मला तर वाटलं, बसवावं. काय बिघडतंय? बाईंनी सरांकडे बघितलं. "म्हणजे आत माणूस," म्हणाल्या. "सर, खोली गेली तर मी रडेन. पण आत माणूस बसवून मी ती वाचवणार नाही." आणि जमिनीवर फतकल मारून त्यांनी स्प्रिंग पुन्हा काढली, तेल पुसलं, पुन्हा बसवली. चालवून बघायला वेळच मिळाला नाही, कारण बाहेर गाडी लागली होती.

अध्यक्ष आत आले आणि त्यांच्यामागून त्यांची आई. इथल्या जुन्या गाववाल्यांपैकी, नऊवारी, कपाळभर कुंकू. पुढे चाकणच्या बाजूला कुणाचा तरी साखरपुडा होता आणि म्हातारीला गाडीत बसून उकडत होतं. अध्यक्षांसाठी मांडलेल्या खुर्चीत ती सरळ जाऊन बसली. पार्टनर कुजबुजला, "बाई, आजींना सांगू का, हात कसा करायचा ते?" बाई म्हणाल्या, "पाहुण्याला सूचना देतात का कुठे?" आणि बटण दाबलं.

यजमान निघाला. मान किंचित कललेली, हातात ट्रे, कप भरलेला. म्हातारीने पदर सावरला. "ह्यो कोन गं?" बाईंना विचारलं. "यजमान आहेत," बाई म्हणाल्या. यजमान तिच्यापुढे येऊन थांबला, कमरेत वाकला. म्हातारीने हात आडवा केला. "नगं बाबा, आत्ताच झालाय घरनं." हात वरच्या वर होता, टेकला नव्हता.

यजमान मागे सरकला, अर्धा वळला. प्रिन्सिपॉल सरांनी मान खाली घातली, त्यांना वाटलं झालं. आणि यजमान पुन्हा वळला. मान आणखी कलली, ट्रे आणखी वर आली, तो पुन्हा तिच्यापुढे. "आता गं बया!" म्हातारी हसली. "न्हाई म्हनलं न्हवं?" हात पुन्हा वर. यजमान पुन्हा मागे, पुन्हा पुढे, या खेपेला इतका वाकला की मिशी तिच्या बांगड्यांपर्यंत आली. म्हातारीने आमच्याकडे बघितलं, लेकाकडे बघितलं आणि कप उचलला. "बरं, अर्धाच घेते. ह्याचं मन कशाला मोडू?"

ती बशीत ओतून, फुंकर घालून, निवांत प्याली. यजमान हलला नाही. तिने रिकामा कप ट्रेवर ठेवला, किटली कलली. आता खरी परीक्षा. म्हातारीने झटकन पंजा कपावर ठेवला, चांगला दाबून. "बास! आता बास बाबा, खरंच."

खट्. एवढाच आवाज आला. किटली सरळ झाली. यजमान कमरेत वाकला, तसाच वाकलेला मागे सरकत गेला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हातारी त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "ह्याला रीत हाय." आणि अध्यक्षांकडे वळली. "आपल्या नव्या बंगल्यात मला कुनी दुसऱ्यांदा इचारत न्हाई रं. एकदा इचारत्यात, मी रीतीनं नगं म्हनते, की निघून जात्यात. सगळं हाय तिथं. पर किती दिस झालं, माजा च्या अर्धा ऱ्हातो."

अध्यक्ष एवढा मोठा माणूस, गळ्यात चेन, बाहेर दोन गाड्या. ते आईच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि तिच्या पायावरची साडी उगाच सारखी करत राहिले. मग उठले, डोळे पुसले, सरांना म्हणाले, "सर, नवी लॅब माझ्या ऑफिसशेजारच्या हॉलमध्ये करा. मला एवढा हॉल लागत नाही. ही खोली बाईंची. त्या असेपर्यंत, आणि नंतर त्या सांगतील त्याची." सरांनी आधी होकार दिला आणि मग, अगदी आपोआप, वाकून यजमानाच्या खाली बघितलं. खाली चाकांशिवाय काही नव्हतं. बाईंनी ते पाहिलं आणि अशी मान ताठ केली, की काय सांगू! राणी दिसत होत्या आमच्या बाई, तेलाने काळ्या झालेल्या हातांची.

म्हातारी दारापाशी थांबली. "येते गं बाई. पुढल्या खेपेला जेवायलाच येईन. भाकरी वाढंल का ह्यो?"

"वाढेल," बाई म्हणाल्या. एका क्षणाचाही विचार न करता.

गाडी गेली तशी आम्ही ओरडलो, नाचलो, पार्टनरने शिपाईमामांना उचलून घेतलं, मी यजमानाच्या गळ्यात पडून पप्पांच्या त्या शर्टावर रडले. बाई आमच्यात नव्हत्या. त्या फळ्यापुढे उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं सोडून खडूने भराभर एक ताट काढत होत्या, त्यात भाकरी, तिच्यावर कोपरात वळलेला हात.

"नाचता काय रे?" मागे न बघता म्हणाल्या. "कामाला लागा. पाहुणे यायचेत."